कापण्यासाठी ठेवलेलं कारंजं

नागसेन कुरणे यांना दमण्यासाठी काम करावं लागत नसे. सकाळी सव्वादहाला ते राजारामपुरीतल्या इंगवले साहेबांच्या ऑफिसचे दोन जिने चढून येत, खुर्चीत बसत, चष्मा पुसत, आणि एवढ्यावरच दिवसाचा शीण पुरा होई. पुढचे आठ तास ते आदल्या दिवशीच्या शिणावर काढत. चेहरा असा, की त्यांच्याकडं बघून समोरचाच म्हणे, 'बसा ओ जरा.' ते बसलेलेच असत.

इंगवले साहेब पाणीपुरवठ्याचे सल्लागार. कुणी शाळा बांधो, दवाखाना बांधो की कॉलनी. पाणी कुठून आणायचं, कुठून फिरवायचं आणि कुठं सोडायचं हे साहेब सांगत, आणि त्याला खर्च किती येईल ते कुरणे सांगत. साहेबांचं सांगणं लोकांना आवडे. कुरण्यांचं सांगणं आजवर कुणालाही आवडलेलं नव्हतं. खर्चाचा आकडा ऐकून खूश झालेला माणूस त्यांनी सतरा-अठरा वर्षांत पाहिला नव्हता. लग्नातसुद्धा ओळखीचा बिल्डर दिसला, की तो वाट बदलून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसे.

आणि आकडा असे मात्र अचूक. नकाशावर पट्टी ठेवून पाइप मोजणं त्यांना मान्य नव्हतं. ते जागेवर जात आणि पाइप जिथून जाणार तिथून स्वतः चालत. टाकीपासून नळापर्यंत, नळापासून गटारापर्यंत, कोपऱ्यावर वळून, जिन्याला वळसा घालून. कोल्हापूर आणि आसपासच्या निम्म्या कॉलन्यांमधून पाण्याआधी कुरणे वाहिले होते असं म्हटलं तरी चालेल.

आता त्यांचं गुपित सांगतो. १९८६ साली ऑफिसात लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. साहेबांना कुठल्याही एस्टिमेटात लाल पेनानं एक तरी आडवी रेघ ओढल्याशिवाय चैन पडत नसे. काय कापतो याला महत्त्व नव्हतं, कापणं महत्त्वाचं होतं. रेघ ओढली, की साहेब खुर्चीत मागं रेलत, 'वाचवले बघा पार्टीचे' म्हणत, आणि उरलेली पानं न वाचताच सही करत. तोटा एवढाच, की रेघ कधी व्हॉल्व्हवर पडे, कधी पाइपाखालच्या वाळूवर.

मग कुरण्यांनी प्रत्येक एस्टिमेटात एक बोकड बांधायला सुरुवात केली. बोकड हा शब्द त्यांचा, मनातल्या मनात वापरायचा. बोकड म्हणजे असं कलम, ज्याचं आयुष्यातलं एकमेव काम कापलं जाणं. दवाखान्याला पितळी तोट्या. पंपाच्या खोलीला संगमरवरी उंबरा. पाण्याच्या टाकीला चहूबाजूंनी दिवे. उत्तम बोकड निवडणं सोपं नाही. तो महाग हवा, नाहीतर कापणाऱ्याचं समाधान होत नाही. निरुपयोगी हवा, नाहीतर कापल्यावर नुकसान होतं. पण इतकाही निरुपयोगी नको, की संशय येईल. बोकड सातव्या पानावर ठेवत. साहेब बरोबर तिथं येऊन थांबत आणि रेघ ओढत. उरलेले व्हॉल्व्ह, वाळू, जोड, सगळं सुखरूप पार पडे. अठरा वर्षांत ही रीत फक्त एकदा चुकली.

ती १९९७ साली. एका वसाहतीच्या एस्टिमेटात बोकड बांधायचं राहून गेलं. अक्षताला, त्यांच्या लेकीला, ताप होता, आणि घाईत कागद पुढं गेले. साहेबांची रेघ पडली ती सांडपाण्यासाठी लिहिलेल्या वेगळ्या चरावर. मग पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी एकाच चरात शेजारी शेजारी झोपल्या, आणि दोन वर्षांनी एका प्लंबरनं दुरुस्ती करताना एकीचं तोंड दुसरीला जोडलं. दोन्ही नळ्या करड्या प्लास्टिकच्या. आपल्याकडं प्लंबर कागद पेटवतो, त्यावर नळी शेकतो, मऊ झाली की दुसरीत खुपसतो, आणि पुढच्या घरी जातो. अकरा पोरांना कावीळ झाली. सगळी बरी झाली. कुरण्यांकडं कुणी बोट दाखवलं नाही. उलट चौकशीत त्यांचाच कागद निघाला, ज्यात वेगळा चर व्यवस्थित लिहिलेला होता. दोन दिवस त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ते वसाहतीत जाऊन आले. पिवळ्या डोळ्यांची सात-आठ वर्षांची पोरगी पायरीवर बसून ऊस चोखत होती. त्यानंतर त्यांना कधी बरं वाटलं नाही. दमणं साधारण तेव्हापासूनचं.

तर २००४ साली कोडोलीचे कृष्णात चौगुले ऑफिसात आले. चौगुल्यांनी वीस वर्षं नदीवरनं उसाला पाणी उचलायच्या योजना केल्या होत्या आणि आता ते शहराच्या कडेला शहाण्णव रो-हाऊस बांधत होते. पुण्यात कुठंतरी त्यांनी पाहिलं होतं, की आंघोळीचं पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा संडासाला आणि बागेला फिरवतात. हे त्यांना फार आवडलं होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या गावात मोरीचं पाणी परड्यातल्या केळीला सोडत्यात, त्यात नवीन काय न्हाय. पण तेच पाइपातनं सोडलं की त्याला रिसायकल म्हणत्यात आणि गिऱ्हाईक फुटाला चाळीस रुपये जास्त देतंय.

नुकतीच तोड झालेल्या उसाच्या रानातून कुरणे तीन दिवस चालले. बुडखे चपलेतून टोचत होते. प्रत्येक घराला दोन पाणी न्यायची: एक पिण्याचं, एक वापरून गाळलेलं. मोजायचं काम सोपं होतं. अवघड होतं ते ही दोन पाणी पुढची तीस वर्षं एकमेकांना भेटू न देणं.

पहिल्यांदा रंगाचा विचार झाला. दुसऱ्या पाण्याची नळी वेगळ्या रंगाची करायची, की झालं. ऑफिसात चर्चा बसली. निळा नको, असं कुरण्यांनीच सांगितलं. संडासाच्या पाण्याला निळा रंग दिल्यावर आमच्या गल्लीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. भगवा तर कुणी उच्चारलाच नाही. हिरव्याला ड्राफ्ट्समन अत्तार हसून नको म्हणाला. पिवळ्याला भंडारा आडवा आला, गुलाबीला गुलाल. उरलेले रंग पेठेतल्या तालमींच्या फुटबॉल संघांनी वाटून घेतलेले. जो रंग द्यावा, त्या तालमीची पोरं विचारायला येणार. शेवटी करडा तेवढा बिनवारशी निघाला, आणि करड्या तर सगळ्याच नळ्या असतात.

कुरण्यांनी मग वेगळाच तोडगा काढला. पिण्याची नळी लोखंडी, दुसरी प्लास्टिकची. रंग उडतो, खुणेची पट्टी कुजते, प्लंबर बदलतो. पण लोखंड कागदाच्या जाळावर शेकून प्लास्टिकात खुपसता येत नाही. त्याला आटे पाडावे लागतात, वेगळा जोड आणावा लागतो. एवढा उद्योग कोल्हापूरचा प्लंबर चुकून करत नाही. केला तर मुद्दाम करतो. या लोखंडापायी खर्च वाढत होता दोन लाख वीस हजार. ते कलम त्यांनी चौथ्या पानावर लिहिलं आणि सातव्या पानावर नेहमीप्रमाणे बोकड बांधला: 'बागेत मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं, एक लाख ऐंशी हजार.'

ह्या वेळी त्यांना स्वतःलाही थोडी घाई होती. चौगुल्यांनी खुशीत येऊन चौदा नंबरचं घर त्यांना एक लाख दहा हजार कमी करून देऊ केलं होतं, आणि तशी नोंद एस्टिमेटाच्या शेवटच्या पानावर करायला सांगितली होती. सदर बाजाराच्या मागं दोन खोल्यांत कुरणे, बायको, अक्षता आणि गडहिंग्लजकडच्या गावातनं आणलेली आई यल्लव्वा, असे चौघं राहत होते. नळ सार्वजनिक होता. म्हणजे ज्या चरातनं कुरणे पाणी नेत होते, त्यातलं एक तोंड त्यांच्या आईच्या माठात उघडणार होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात इंगवले साहेबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. एस्टिमेट साहेबांच्या लाल पेनाखालून न जाता सरळ पार्टीकडं गेलं. बोकड जिवंतच पोचला.

चौगुल्यांनी सातवं पान उघडलं आणि ते कारंज्यावर भाळले. आठ दिवसांत रंगीत माहितीपत्रक छापून आलं, त्यावर घरं बोटाएवढी आणि कारंजं वीतभर. त्यांनी साहेबांना फोन करून सांगितलं, की तुमचा माणूस दिसायला मरगळलेला हाय, पण डोकं हाय त्याला. पाणी जमिनीखालनं गेलेलं कुणाला दिसतंय, हे उडतंय म्हणजे लोकास्नी दिसतंय. फक्त एकूण आकडा दोन-सव्वादोन लाखानं जास्त होतोय, तेवढा खाली आणा; आणि मी बघितलंय, चौथ्या पानावर उगाच लोखंड घातलंय, दोन्ही नळ्या प्लास्टिकच्या करून टाका.

काळा चष्मा लावून आलेल्या साहेबांनी हा निरोप दिला आणि 'करून टाका' म्हणाले. कुरण्यांनी सांगून पाहिलं. सत्त्याण्णवची आठवण दिली. साहेब म्हणाले, तेव्हाचे प्लंबर वेगळे होते. तेव्हाचा प्लंबर अजून तोच होता, फक्त आता त्याच्याकडं मोबाइल होता; पण कुरण्यांच्यानं एवढं बोलवलं नाही.

माणूस दमलेला असला की वाकडी वाट धरतो, कारण सरळ वाटेवर उभं राहून भांडावं लागतं. कुरण्यांनी नवं एस्टिमेट केलं. चौथ्या पानावरचं लोखंड काढलं आणि सातव्या पानावर कारंज्याच्या पोटात घातलं: 'कारंज्याच्या दाबासाठी लोखंडी नळी, पूर्ण वसाहतीत.' कारंजं आता चार लाखांचं झालं. बाकी ठिकाणी चार आणे इकडचे तिकडं करून एकूण जरा कमी दाखवलं. ज्याच्यावर माणूस भाळलाय, त्याची किंमत तो बघत नाही, असा त्यांचा हिशेब.

साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक होती. टेबलापलीकडं चौगुले, अलीकडं साहेब काळ्या चष्म्यात, आणि कडेला लोखंडी खुर्चीवर कुरणे. चौगुल्यांनी सरळ सातवं पान काढलं. बोट ठेवून वाचलं. मग नकाशा पसरला आणि त्यावर बोट फिरवत राहिले. वीस वर्षं नदीतनं पाणी उचललेलं ते बोट. कुठल्या नळीत किती दाब लागतो ते त्याला कुरण्यांइतकंच ठाऊक होतं.

"कुरणे," चौगुले म्हणाले, "कारंजं बागेत हाय न्हवं?"

"हाय की."

"मग ही लोखंडी नळी शहाण्णव घरांच्या सैपाकघरात कशाला गेलीया? कारंजं काय बायकांच्या चुलीवर उडवताय व्हय?"

साहेबांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी तो महिनाभर काढू नका म्हणून सांगितलं होतं.

कुरण्यांपुढं आता दोन वाटा होत्या. चूक झाली म्हणायचं, लोखंड काढून टाकायचं, घरी जायचं, आणि वर्षभरानं चौदा नंबरात राहायला यायचं. हे फार सोपं होतं, आणि सोपं तेच करावं इतके ते दमलेले होते. पण त्यांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मालक, कारंजं खरं नव्हतं," ते म्हणाले. "ते कापायला ठेवलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, विजेच्या बिलातले युनिट वाचून दाखवावेत तसं. पितळी तोट्या, संगमरवरी उंबरा, टाकीचे दिवे. साहेब सातव्या पानावर कसे थांबतात. एकदा बोकड विसरला तेव्हा काय झालं आणि अकरा पोरं कोण. लोखंड आणि प्लास्टिक एकमेकांना का धरत नाहीत. शेडमध्ये उन्हानं पत्रा तडतडत होता. कुरण्यांनी एवढं सलग भाषण आयुष्यात केलं नव्हतं, आणि संपल्यावर त्यांना पाणी पाहिजे होतं. पण मागायचं धाडस झालं नाही.

चौगुले हसले ते टेबल हलेपर्यंत. साहेब हसले नाहीत. त्यांचा एक डोळा लाल होता आणि दुसरा त्याहून जास्त दुखावलेला.

"अठरा वर्षं?" साहेब हळूच म्हणाले. "म्हणजे मी जे जे कापलं, ते सगळं..."

"सगळं न्हाय साहेब," कुरणे म्हणाले. "बऱ्याच वेळा खरंच जास्त झालेलं असायचं."

हे खोटं होतं. त्या दिवशी शेडमध्ये ते तेवढंच खोटं बोलले.

चौगुले मात्र व्यवहाराचा माणूस. डोळे पुसून ते लगेच कामाला लागले. कारंजं छापून गेलंय, आता ते मागं घेता येत न्हाय. लोखंडाचं म्हणणं पटलं. कावीळ झाली तर बोर्डावर नाव माझं हाय. पण दोन लाख वीस हजार कुठनं आणायचे? त्यांनी नाकावर बोट ठेवून जरा विचार केला.

"अर्धं मी सोसतो," ते म्हणाले. "अर्ध्याचं तुम्ही बघा पावणं. चौदा नंबरला मुरगूडचं गिऱ्हाईक पुऱ्या दरानं तयार हाय. एक लाख दहा हजार म्हणजे बरोबर अर्धं हुतंय."

आकडेमोडीत चौगुले कुठंच चुकले नव्हते. कुरण्यांनी सवयीनं मनातल्या मनात पडताळा घेतला आणि तो जुळला. पुऱ्या दरानं चौदा नंबर त्यांना या जन्मी परवडणार नव्हतं. साहेबांकडं त्यांनी बघितलं. साहेबांनी लाल पेन खिशातच ठेवलं होतं. मग कुरण्यांनी कानामागची पेन्सिल काढली, शेवटच्या पानावर 'चौदा नंबर, सवलत' असं लिहिलेलं होतं तिथं आपल्याच हातानं आडवी रेघ ओढली, आणि खाली सही केली.

घरी सांगायचं काम जास्त अवघड होतं. बायको ऐकून घेऊन भाकरी थापत राहिली. भाकऱ्या नेहमीपेक्षा जाड झाल्या आणि तशा त्या आठवडाभर होत राहिल्या. अक्षतानं फक्त विचारलं, की माझ्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला होती. पूर्वेला, असं त्यांनी सांगितलं. चालून मोजलेली होती.

यल्लव्वा भिंतीला टेकून पान कुटत होती. लहानपणी गावच्या विहिरीवर ती रिकामी घागर घेऊन कडेला बसायची, कुणीतरी शेंदून वरनं ओतेपर्यंत. दुपार दुपार जायची. हे तिनं लेकाला कधी रडून सांगितलं नव्हतं. उन्हात पाय कसे पोळायचे तेवढंच सांगायची. दोन नळ्यांची गोष्ट तिनं नीट ऐकली आणि विचारलं, "म्हणजे ह्येचं पाणी त्येला लागू द्यायचं न्हाय, असंच न्हवं हे बी?"

 हा प्रश्न कुरण्यांनी स्वतःला विचारला नव्हता असं नाही.

"तसं न्हाय, अव्वा," ते म्हणाले. "माणसं न्हाय येगळी करायची ह्यात. शहाण्णव घरं, कुठल्याबी घरात जा, प्यायचं पाणी येकच."

यल्लव्वानं पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. "मग आसूंदे," ती म्हणाली. "हितला नळ जवळ हाय."

साहेब दीड महिना त्यांच्याशी कामापुरतं बोलले. कुरण्यांना वाटलं होतं नोकरी जाईल. गेली नाही, कारण दुसरं कुणी पाइपाबरोबर चालायला तयार नव्हतं. पण पुढचं एस्टिमेट पुढ्यात आलं, तेव्हा साहेबांची पंचाईत झाली. ते सातव्या पानावर थांबले. पेन उघडलं. बंद केलं. समोरचं प्रत्येक कलम त्यांच्याकडं बघून हसतंय असं त्यांना वाटू लागलं. शेवटी त्यांनी कुरण्यांना खुर्ची ओढायला सांगितली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. हे का, ते कशाला, इथं व्हॉल्व्ह दोन का, वाळू नऊ इंच का, सहा का नको. प्रत्येक कलमाचं कारण कुरण्यांनी द्यायचं आणि साहेबांनी ते पटलं की बरोबरची खूण करायची. अठरा वर्षांत त्यांचं एस्टिमेट कुणीतरी पहिल्यांदाच वाचत होतं. या कामाला तीन दिवस लागले, आणि कुरणे आयुष्यात इतके कधी दमले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक्केचाळिसावं कलम आलं. "हा नऊ मीटर पाइप कुठं जातोय?" साहेबांनी विचारलं.

कुरण्यांनी नकाशा बघितला. डोळे मिटून ते मनात त्या जागेवर चालून आले. टाकी, जिना, मोरी, भिंत. परत एकदा चालले. पाइप कुठंच जात नव्हता.

"चुकलं साहेब," ते म्हणाले. "हा खरंच जास्त झालाय. कापा."

साहेबांनी त्यांच्याकडं बराच वेळ निरखून पाहिलं, एका चांगल्या आणि एका अजून पाणावणाऱ्या डोळ्यानं. माणूस खरं बोलतोय याची खात्री पटल्यावर त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पट्टी मागवली, आणि सावकाश, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, रेघ ओढली.